डमडमहून दार्जिलिंगची सायकल-फेरी : वर्तुळ पुरे होईल की नाही, हे घूमला ठरते

कोलकात्याच्या उत्तरेकडील डमडम येथील विमानतळाची समुद्रसपाटीपासूनची उंची अवघी ५ मीटर आहे. बंगाली भाषक या गावाला ‘दमदम’ म्हणतात आणि हे नाव फारसीतील ‘दमदमा’ या शब्दावरून आले, असे सामान्यतः मानले जाते. तोफ चढविण्यासाठी घातलेला मातीचा उंचवटा तो दमदमा. हा शब्द जुन्या मराठीतही रूढ होता. क्लाइव्ह हाऊस या जीर्ण वास्तूखाली असा एक उंचवटा आजही दाखविला जातो. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तेथे केलेल्या उत्खननात इंग्रजांच्या कितीतरी आधीच्या वस्तीचे अवशेष मिळाले. एरवी या परिसरात चढ नावाची गोष्टच नाही. उंचवट्यावरून नाव पडलेल्या या गावाच्या सायकलस्वाराला खरा चढ गाठायचा, तर सुमारे पावणेसहाशे किलोमीटर उत्तरेला जावे लागते.

तेथे सिलिगुडीहून सुरू होऊन सिलिगुडीलाच संपणारी एक फेरी आहे. सिलिगुडी, सुकना, तीनधारिया, कर्सियांग, सोनादा, घूम व दार्जिलिंग. मग मागे घूमला येऊन लामाहट्टा, लोपचू, पेशोक, तीस्ता बाजार, कालीझोरा, सेवोक आणि पुन्हा सिलिगुडी. एकूण अंतर साधारण १६५ किलोमीटर भरते. नकाशावर ते एखाद्या शनिवार-रविवारी उरकण्याजोगे वाटते. प्रत्यक्षात या फेरीत सुमारे २,१०० मीटर चढून तितकेच उतरावे लागते आणि तिच्या एका बाजूचा रस्ता गेल्या काही वर्षांत वारंवार तुटत आहे. म्हणून ही फेरी कोणत्या दिशेने करावी, कोणत्या महिन्यात करावी आणि कोठे थांबून पुढचा निर्णय घ्यावा, हे समजून घेणे अगत्याचे ठरते.

डमडमकरांची तयारी

कोलकाता आणि सायकल यांचे नाते जुने आहे. बिमल मुखर्जी हे १९२६ साली याच शहरातून सायकलवर जगप्रवासाला निघाले आणि १९३७ साली परतले. मात्र आजच्या शहरात सायकलला फारसा मान उरलेला नाही. २०१३ मध्ये कोलकाता पोलिसांनी १७४ रस्त्यांवर सायकलींना मनाई केली होती. त्यावर बरीच टीका झाल्यानंतर ही यादी लहान करण्यात आली. शहरातील एकमेव चढ म्हणजे उड्डाणपूल. पण तेथेही सायकलला सहसा प्रवेश नसतो. त्यामुळे डमडमच्या सायकलस्वाराला घाटाचा सराव घाटावाचूनच करावा लागतो. पहाटे यशोहर रस्त्याने बारासातच्या दिशेने वाऱ्याच्या तोंडावर जड गिअरमध्ये दीड-दोन तास न थांबता पायडल मारणे, हा त्यातला व्यवहार्य मार्ग होय. चढावर पाय जितके थकतात तितकाच अखंडपणाही थकवतो. सपाटीवर मधूनमधून पायडल थांबवून सायकल घरंगळू देण्याची सवय असते. चढावर ती चैन नसते.

सायकल उत्तर बंगालला नेण्यासाठी सियालदहहून रात्रीची गाडी सोयीची पडते. सायकल सामानाच्या डब्यात नोंदवून न्यू जलपाइगुडीला उतरवून घेता येते. पायडल काढून, हँडल फिरवून व गिअरची बाजू पुठ्ठ्याने झाकून दिलेली सायकल पुष्कळ सुरक्षित पोहोचते. डमडम ते बागडोगरा हा विमानप्रवास तासाभराचा आहे. त्यासाठी मात्र सायकल सुटी करून खोक्यात भरावी लागते. फाळणीपूर्वी दार्जिलिंग मेल आजच्या बांगलादेशातून, पद्मेवरील हार्डिंज पुलावरून जात असे. १९४७ नंतर तो सरळ मार्ग तुटला आणि फराक्का येथे गंगेवर पूल होईपर्यंत उत्तर बंगालच्या प्रवाशांना नदी नावेने ओलांडावी लागली. या प्रदेशात वाट तुटणे ही काही नवलाची गोष्ट नाही.

आगगाडीने आखलेला चढ

सिलिगुडीहून कर्सियांगमार्गे दार्जिलिंगला जाणारा हिल कार्ट रोड एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात बांधण्यात आला. नावाप्रमाणेच तो बैलगाड्यांसाठी होता. पुढे १८७९ ते १८८१ या काळात याच रस्त्याच्या कडेने दोन फूट रुंदीचा रूळमार्ग टाकण्यात आला. हीच दार्जिलिंग हिमालयन रेल्वे. १९९९ साली युनेस्कोने तिचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. महाराष्ट्रातील वाचकांना नेरळ-माथेरानची गाडी परिचित आहे. तिच्या रुळांची रुंदीही तेवढीच आहे, परंतु ती १९०७ सालची, म्हणजे पाव शतकाने धाकटी.

रस्ता बैलांसाठी व रूळ वाफेच्या इंजिनासाठी आखल्याचा लाभ आज सायकलस्वाराला मिळतो. बैल व इंजिन या दोघांनाही तीव्र चढ झेपत नाही. सिलिगुडीची उंची साधारण १२० मीटर, तर घूम स्थानकाची २,२५८ मीटर आहे. या दोहोंमधील अंतर सुमारे ७० किलोमीटर. म्हणजे सरासरीने शंभर मीटर पुढे गेल्यावर तीन मीटर उंची वाढते. तुलनेसाठी वाईहून पाचगणीला जाणारा पसरणीचा घाट घेता येईल. तो सुमारे १२ किलोमीटरांत पावणेसहाशे मीटर चढतो, म्हणजे शंभराला जवळजवळ पावणेपाच. हिल कार्ट रोड पसरणीपेक्षा सौम्य आहे. मात्र पसरणी चढून पाचगणीला चहा घेता येतो. येथे पसरणीच्या पावणेचार पट उंची गाठेपर्यंत चढ संपत नाही.

गाडीला जेथे वळण घेण्यास जागा नव्हती, तेथे अभियंत्यांनी झिगझॅग केले. गाडी पुढे जाते, थांबते, उलटी मागे वर चढते आणि पुन्हा पुढे निघते. बोरघाटातही १८६३ पासून १९२० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत खंडाळ्याजवळ अशीच व्यवस्था होती. अन्य काही ठिकाणी रूळ स्वतःभोवती फेरी घेऊन वरच्या पातळीवर येतात. घूम व दार्जिलिंग यांच्यामधील बतासिया लूप हे १९१९ सालचे वळण त्यांत सर्वांत प्रसिद्ध असून स्वच्छ हवेत तेथून ८,५८६ मीटर उंचीचे कांचनजंगा दिसते.

हे रूळ पाहण्यास कितीही मोहक असले तरी सायकलस्वाराने त्यांच्याशी सावधपणे वागले पाहिजे. ते रस्त्याला पुन्हा पुन्हा आडवे जातात, एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूला निघतात आणि बाजारपेठांत तर रस्त्याचाच भाग होऊन जातात. तिरक्या रेषेने रूळ ओलांडल्यास पुढचे चाक खाचेत अडकून स्वार फेकला जातो. धुके व दवामुळे ओले झालेले लोखंड काचेसारखे निसरडे असते. रूळ शक्यतो काटकोनात ओलांडावेत, ओलांडताना ब्रेक लावू नये व हँडल वळवू नये, एवढे पथ्य पुरेसे आहे. माउंटन बाईकचे रुंद टायर येथे उपयोगी पडतात. रस्ता डांबरी असल्याने अशा सायकलची एरवी सक्ती नाही. पण पुढच्या दातेरी चक्राहून मागचे मोठे चक्र मोठे असलेला एखादा हलका गिअर मात्र हवाच.

चढासाठी लागणाऱ्या शक्तीचा हिशेब उद्‌बोधक आहे. स्वार, सायकल व सामान मिळून ९० किलो वजन धरले, तर ते घूमपर्यंत उचलण्यासाठी होणारे काम सुमारे साडेचारशे किलोकॅलरींइतके असते. परंतु माणसाचे स्नायू खाल्लेल्या अन्नातील साधारण चौथा हिस्साच कामात आणतात. उरलेल्याची उष्णता होते. त्यामुळे प्रत्यक्षात केवळ चढासाठी १,८०० किलोकॅलरी खर्ची पडतात. चाकांचे घर्षण, वारा व थंडी यांचा खर्च वेगळा. घूमला हवेचा दाबही समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे चौथ्या हिश्शाने कमी असतो. डमडमहून रात्रीच्या गाडीने येऊन त्याच दिवशी घूम गाठण्याचा आग्रह धरणाऱ्यांना सोनादाच्या पुढे डोके दुखू लागण्याचा अनुभव येतो, तो यामुळे. सुमारे १,४८० मीटर उंचीवरील कर्सियांगला मुक्काम केल्यास शरीरास सवड मिळते. तेथे चहाचे मळे अगदी रस्त्यालगत आहेत. भारतात भौगोलिक मानांकन मिळविणारे पहिले उत्पादन म्हणजे याच डोंगरांतील चहा. ती नोंदणी २००४ सालची.

कर्सियांगच्या खाली पागलाझोरा नावाची जागा लागते. झोरा म्हणजे ओढा. पागलाझोरा म्हणजे वेडा ओढा. हे नाव उगाच पडलेले नाही. २०१० साली येथे कोसळलेल्या मोठ्या दरडीने रस्ता व रूळ दोन्ही नेले. पुढच्या वर्षी तीनधारिया परिसरातही रस्ता खचला. सिलिगुडी ते दार्जिलिंग अशी अखंड रेल्वेसेवा पूर्ववत होण्यास २०१५ चा डिसेंबर उजाडला. अलीकडे बहुतेक मोटारी रोहिणीमार्गे कर्सियांगला जातात. त्यामुळे तीनधारियाकडचा जुना रस्ता शांत झाला आहे आणि सायकलसाठी अंतर वाढूनही तोच अधिक चांगला म्हटला पाहिजे.

घूम येथील निर्णय

दार्जिलिंगहून परतताना घूमजवळच्या जोरबंगला नाक्यावर रस्ता फुटतो. उजवीकडचा रस्ता आलेल्या वाटेने कर्सियांगला जातो. डावीकडचा पेशोक रस्ता तीस्तेकडे उतरतो. सारी फेरी या नाक्यावर अवलंबून आहे.

पेशोक रस्ता आगगाडीसाठी आखलेला नव्हता. घूमच्या सव्वादोन हजार मीटरांवरून तो तीस्ता बाजारपर्यंत उतरतो, तेव्हा नदीकाठची उंची अडीचशे मीटरांच्या आत असते. अंतर मात्र तीस किलोमीटरही नाही. म्हणजे शंभराला सरासरी सात मीटरांचा उतार, चढाच्या दुपटीहून अधिक. फेरी उलट दिशेने केल्यास हाच उतार चढावा लागेल. म्हणून सामान्य सायकलस्वाराने कार्ट रोडने चढून पेशोकने उतरावे, म्हणजेच घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जावे, हे उत्तम.

परंतु एकदा तीस्ता बाजारला पोहोचल्यावर पुढचा रस्ता बंद आढळला, तर परतीसाठी त्या दोन हजार मीटरांचा डोंगर पुन्हा चढावा लागतो. दिवस मावळत आलेला असतो, पाय थकलेले असतात आणि उतारावरील घाम अंगावर थंड झालेला असतो. म्हणून तीस्तेच्या काठचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १० त्या दिवशी खुला आहे काय, याची चौकशी तीस्ता बाजारला नव्हे, तर जोरबंगला सोडण्यापूर्वी करावी लागते. सिक्कीम व कालिम्पोंगला जाणाऱ्या जीपगाड्यांच्या चालकांना ही बातमी सर्वांत आधी कळते. जिल्हा प्रशासन व पोलीसही रस्ता बंद ठेवण्याचे आदेश प्रसिद्ध करतात. रस्ता बंद असेल, तर मुकाट्याने उजवीकडे वळून आल्या वाटेने सिलिगुडीला उतरावे. वर्तुळ अपुरे राहील, एवढेच.

उतार तोंडावर असताना

रस्ता खुला असल्याची खात्री झाल्यावर लामाहट्टाच्या उंच वृक्षराजीतून हा उतार सुरू होतो. पुढे लोपचू व पेशोकचे मळे लागतात. एका वळणावरून रंगीत व तीस्ता या नद्यांचा संगम खोल खाली दिसतो. दोन रंगांचे पाणी बरेच अंतर शेजारी शेजारी वाहत जाते. शेवटच्या टप्प्यात सालाची झाडे व दमट उष्मा सुरू होतो. दीड-दोन तासांत हिवाळ्यातून उन्हाळ्यात उतरल्याचा भास व्हावा, इतका हा पालट झपाट्याने घडतो. उंची हजार मीटर घटली की तापमान साधारण साडेसहा अंशांनी वाढते, हे त्यामागचे साधे गणित.

या उतारावर ब्रेकची परीक्षा होते. ९० किलो वजन दोन हजार मीटर खाली आणताना जी ऊर्जा मोकळी होते, ती पाच लिटर थंड पाणी उकळण्यास पुरेशी आहे. त्यातील काही भाग वाऱ्याच्या विरोधात जिरतो. पण वळणावळणाच्या रस्त्यावर वेग फार वाढू देता येत नसल्याने मोठा भाग ब्रेकमध्येच उष्णतेच्या रूपाने साठतो. धावेला घासणारे ब्रेक असतील, तर धाव तापून ट्यूब फुटू शकते. डिस्क ब्रेक त्या मानाने बरे. मात्र तेही फार तापल्यास ढिले पडतात. भित्रा स्वार सबंध उतारभर ब्रेक हलकेच दाबून धरतो आणि नेमके तेच घातक असते, कारण चाकाला थंड होण्यास क्षणभरही उसंत मिळत नाही. वळणाच्या अलीकडे दोन्ही ब्रेक नेटाने लावून वेग कमी करावा, वळणात ते सोडावेत आणि सरळ पट्ट्यावर वारा लागू द्यावा. दर पाच-सहा किलोमीटरांनी थांबावे. थांबण्यासाठी या रस्त्यावर निमित्तांची वाण नाही.

वरच्या टप्प्यात वाऱ्याने बोटे बधिर होतात व ब्रेकवरील पकड सुटते. हातमोजे विसरलेल्यांनी घूमच्या बाजारात ते विकत घ्यावेत. छातीवर, सदऱ्याच्या आत वर्तमानपत्राची घडी खोचण्याची जुन्या सायकलपटूंची युक्ती येथे आजही कामास येते.

तीस्तेची बाजू

४ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे सिक्कीममधील साउथ ल्होनक हे हिमनदीचे सरोवर फुटले. त्या लोंढ्याने चुंगथांग येथील १,२०० मेगावॉट क्षमतेच्या जलविद्युत प्रकल्पाचे धरण वाहून नेले आणि खाली बंगालपर्यंत हाहाकार उडाला. तीस्ता बाजारमधील घरे पाण्यात गेली. महामार्गाचे तुकडे नदीत कोसळले.

पूर ओसरला तरी त्याने आणलेला गाळ नदीपात्रातच राहिला. पात्र उथळ झाल्याने पूर्वी ज्या पावसात तीस्ता काठाखाली वाहत असे, त्याच पावसात ती आता रस्त्यावर येते. २०२४ च्या पावसाळ्यात तीस्ता बाजारला दार्जिलिंगकडील रस्ताच पाण्याखाली गेला होता. श्वेतीझोरा, लिखुभीर अशा ठिकाणी तर रस्त्यावर दोन्हीकडून आघात होतो. वरून दरड येते आणि खालून नदी पाया पोखरते.

सह्याद्रीतही दरडी कोसळतात. २०२१ च्या जुलैमध्ये महाडजवळच्या तळीये गावावर ओढवलेले संकट महाराष्ट्र विसरलेला नाही. परंतु दोन्ही पर्वतांची घडण भिन्न आहे. सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या आडव्या थरांचा. हिमालय त्याहून तरुण, अजून उंचावणारा व भूकंपांनी हादरणारा. तीस्तेच्या खोऱ्यातील बराचसा खडक पापुद्र्यांचा व ठिसूळ आहे. रस्त्यासाठी त्याचा पायथा कापला, की वरचा उतार आधार गमावतो आणि पाणी मुरताच घसरू लागतो. ४ व ५ ऑक्टोबर २०२५ रोजी एका रात्रीच्या अतिवृष्टीने मिरिक व दार्जिलिंग भागांत वीसहून अधिक लोकांचा बळी घेतला, तेव्हा पावसाळा सरत आला होता. त्यामुळे ऑक्टोबरचा पूर्वार्ध फेरीसाठी निर्धास्त समजण्याची जुनी पद्धत आता सोडून दिलेली बरी. नोव्हेंबर ते डिसेंबरचा मध्य, तसेच मार्च व एप्रिलचा पूर्वार्ध हे काळ अधिक भरवशाचे होत.

महामार्ग दीर्घकाळ बंद असेल आणि हाताशी दोन दिवस अधिक असतील, तर वर्तुळ मोठे करण्याचा पर्याय आहे. तीस्ता बाजारहून पूल ओलांडून कालिम्पोंग, आलगढा, लावा व गोरुबथानमार्गे डुआर्सच्या सपाटीत उतरता येते. तेथून पश्चिमेला वळून सेवोक गाठता येते. मात्र लावा पुन्हा दोन हजार मीटरांच्या वर आहे. म्हणजे घूमएवढाच चढ दुसऱ्यांदा. गोरुबथानहून खाली आल्यावर दामडिम नावाचे गाव लागते. थकलेल्या डमडमकराला ती पाटी वाचून क्षणभर घरी पोहोचल्यासारखे वाटले, तर त्याला दोष देता येणार नाही.

दोन्ही वाटा सेवोकला, १९४१ साली पूर्ण झालेल्या कॉरोनेशन पुलापाशी एकत्र येतात. पुलाची कमान नदीपात्रात एकही खांब न रोवता तीस्ता ओलांडते. येथून सिलिगुडी वीस-बावीस किलोमीटर असून रस्ता जवळजवळ सपाट आहे. तरी घाई नडते ती येथेच. हा पट्टा महानंदा अभयारण्याच्या सालवनातून जातो आणि संध्याकाळनंतर हत्ती रस्ता ओलांडतात. सायकलचा आवाज होत नसल्याने हत्तीला तिची चाहूल उशिरा लागते व वळणावर अचानक समोरासमोर गाठ पडण्याचा धोका मोटारीपेक्षा अधिक असतो. सूर्यास्तापूर्वी किमान तासभर तरी सेवोक मागे टाकावे. पेशोकच्या उतारावर थांबे घेताना, कालीझोऱ्यापुढे चहाला बसताना हा हिशेब मनात ठेवावा लागतो. उशीर झालाच, तर सेवोकहून सायकल छोट्या टेम्पोत चढवून सिलिगुडीला नेण्यात कमीपणा नाही. न्यू जलपाइगुडीहून सियालदहकडील बऱ्याच गाड्या रात्री सुटतात आणि सायकल नोंदविण्यासाठी गाडीच्या वेळेआधी दीड-दोन तास सामान कार्यालयात पोहोचावे लागते.